ॲक्युपंक्चर घ्यायचे ठरवले असेल तर

ॲक्युपंक्चरचा, म्हणजे शरीरावरच्या ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचून करायच्या चिनी उपचाराचा, विचार मनात येतो तो बहुधा कंबर, मान, गुडघा किंवा डोके महिनोन्‌महिने दुखत राहिल्यावर आणि गोळ्यांचा कंटाळा आल्यावर. अशा वेळी पहिले काम निदानाचे आहे, सुईचे नंतर. दुखणे नेमके कशामुळे आहे हे आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून ठरवून घेतल्याशिवाय उपचाराला सुरुवात करू नये, कारण सुयांनी ठणका कमी झाला तरी त्यामागचे कारण तसेच राहू शकते आणि मोलाची वेळ निघून जाते. कंबरदुखीबरोबर लघवीवरचा ताबा सुटणे, पायातली शक्ती जाणे, ताप येणे किंवा कारणाशिवाय वजन घटणे, अचानक उठलेली असह्य डोकेदुखी, छातीत दुखणे किंवा धाप लागणे, यांपैकी काहीही असेल तर थेट रुग्णालय गाठावे.

निदान हाती आले की या उपचाराकडून काय अपेक्षा ठेवावी हे स्वतःशी स्पष्ट करून घ्यावे. जुनाट वेदना, वारंवार उठणारी अर्धशिशी आणि मळमळ या तक्रारींवर त्याचा सर्वाधिक अभ्यास झाला आहे. तज्ज्ञांमध्येही पूर्ण एकमत नाही. ‘अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स’ या अमेरिकेतील डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ साली कंबरदुखीसाठी सुचवलेल्या औषधाविना उपचारांत ॲक्युपंक्चर आहे, तर उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणारी ब्रिटनमधील ‘नाइस’ ही संस्था कंबरदुखीसाठी त्याची शिफारस करत नाही. मात्र अर्धशिशी टाळण्यासाठी, औषधांचा उपयोग होत नसेल किंवा ती चालत नसतील तर, पाच ते आठ आठवड्यांत दहापर्यंत बैठका घेऊन पाहाव्यात असे तीच संस्था म्हणते. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, कर्करोग किंवा जंतुसंसर्ग सुयांनी बरा होतो असे कोणी सांगत असेल, तर त्या दवाखान्यातून उठून यावे. चालू असलेली औषधे कोणाच्याही सांगण्यावरून परस्पर बंद करू नयेत.

जर्मनीत कंबरदुखीच्या सुमारे ११६० रुग्णांवर झालेला आणि २००७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास प्रत्येक रुग्णाने लक्षात ठेवण्यासारखा आहे. शास्त्रोक्त बिंदूंवर सुया घेतलेल्यांपैकी ४७.६ टक्के लोकांना चांगला आराम पडला. मुद्दाम बिंदू सोडून, वरवर सुया टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्के लोकांना. आणि नेहमीची औषधे व व्यायाम घेणाऱ्यांपैकी २७.४ टक्के लोकांना. चिनी शास्त्रात ‘ची’ नावाची प्राणशक्ती चौदा मार्गांतून वाहते आणि त्यांवर ३६१ बिंदू असतात असे मानले जाते. परंतु या आकड्यांवरून मला असे दिसते की आराम खरा असला तरी तो अमुकच बिंदूवर फारसा अवलंबून नाही. सुई, स्वस्थ पडून राहणे आणि उपचारकाने दिलेले लक्ष यांचा त्यात मोठा वाटा असावा. म्हणूनच ‘फक्त मलाच ठाऊक असलेला बिंदू’ सांगून जास्त पैसे मागणाऱ्यापेक्षा स्वच्छ हाताने, सावकाश आणि नीट विचारपूस करून काम करणारा उपचारक निवडावा.

केंद्र सरकारने २०१९ मध्ये ॲक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्रात तर त्यासाठी वेगळा कायदा आहे आणि उपचारकांची नोंदणी महाराष्ट्र ॲक्युपंक्चर परिषदेकडे होते. त्यामुळे दवाखान्यात गेल्यावर नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच बाळगू नये; प्रामाणिक उपचारकाला त्याचा राग येत नाही. प्रशिक्षण कोठे व किती काळ झाले, आपल्यासारखे दुखणे त्यांनी किती वेळा हाताळले आहे, साधारण किती बैठका लागतील आणि एका बैठकीचे शुल्क किती, हे प्रश्नही पहिल्याच दिवशी विचारावेत. वीस-वीस बैठकांचे पैसे आगाऊ भरू नयेत. या विद्येचे आपल्याशी असलेले नाते येथे सांगणे अवांतर ठरू नये: १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. ते शल्यचिकित्सक होते आणि १९४२ मध्ये तेथेच वारले. त्याच पथकातील कोलकात्याचे डॉ. विजयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि त्यांनी ते भारतात रुजवले; देशातील काही ॲक्युपंक्चर दवाखान्यांना कोटणिसांचे नाव आहे ते या ऋणानुबंधातून.

बैठकीला जाताना उपाशीपोटी जाऊ नये. रिकाम्या पोटी, थकलेल्या किंवा घाबरलेल्या माणसाला सुई टोचल्यावर घेरी येऊ शकते. तास-दोन तास आधी पोळीभाजी किंवा उपमा असे हलके खाऊन जावे आणि पहिली बैठक तरी आडवे पडूनच घ्यावी. कोपर आणि गुडघ्यापर्यंत सहज वर सरकतील असे सैल कपडे घालावेत. चालू औषधांची चिठ्ठी बरोबर ठेवावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, रक्तस्रावाचा विकार, हृदयात बसवलेला पेसमेकर, गर्भारपण, अपस्मार आणि स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतील गाठी काढलेला हात या गोष्टी विचारण्याची वाट न पाहता आपणहून सांगाव्यात. काही उपचारक सुयांना सौम्य वीजप्रवाह जोडतात; पेसमेकर असलेल्यांनी तो जोडू देऊ नये. गर्भवतींनी आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय हा उपचार घेऊच नये.

पारंपरिक पद्धतीने काम करणारा उपचारक आधी जीभ पाहतो आणि दोन्ही मनगटांवर तीन-तीन ठिकाणी बोटे ठेवून नाडी तपासतो; आयुर्वेदाच्या वैद्यांकडे गेलेल्यांना हे ओळखीचे वाटेल. त्यानंतर सुयांचे पाकीट येते, आणि येथे रुग्णाने डोळे उघडे ठेवावेत. पाकीट बंद असावे, त्यावर निर्जंतुक केल्याची नोंद आणि मुदतीची तारीख असावी, ते आपल्यासमोर फोडले जावे आणि वापरलेली सुई टोचता न येणाऱ्या डब्यात टाकली जावी. ‘तुमच्या सुया तुमच्याच नावाने ठेवतो, पुढच्या वेळी त्याच वापरू’ ही सोय स्वीकारू नये. सुई सुमारे पाव मिलिमीटर जाड, भरीव आणि पोलादी असते, इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ नसते. त्यामुळे टोचताना मुंगी चावल्याइतके, कित्येकदा त्याहूनही कमी जाणवते. थोडे आत गेल्यावर मात्र एक वेगळीच संवेदना उठते. त्या जागी जडपणा येतो, खोलवर मंद ठणका किंवा झिणझिण्या जाणवतात आणि कधी ती लहर अंगठ्यापासून कोपराकडे सरकत गेल्यासारखी वाटते. चिनी उपचारक तिला ‘द-ची’ म्हणतात आणि ती यावी अशीच त्यांची अपेक्षा असते. याउलट विजेच्या झटक्यासारखी तीव्र कळ आली, जळजळ झाली किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सहन करत न बसता तत्काळ सांगावे. सुया साधारण वीस ते तीस मिनिटे ठेवतात, आणि तेवढा वेळ हलू नये.

छाती, खांदा आणि पाठीचा वरचा भाग येथे फुप्फुस कातडीपासून फार खोल नसते. तेथे सुई सरळ आत गेली तर फुप्फुसाला छिद्र पडू शकते. असे क्वचित घडते, पण घडलेले आहे. या भागात सुया घेतल्यानंतर त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी धाप लागली, श्वास घेताना छातीत टोचू लागले, तर दवाखान्यात फोन करून सल्ला विचारण्यात वेळ न घालवता रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे आणि सुया घेतल्याचे स्पष्ट सांगावे.

सुयांच्या जोडीला पुष्कळदा मॉक्सा देतात. एका वनस्पतीच्या वाळवलेल्या पानांचा कापूस करून त्याची कांडी वळतात, ती पेटवतात आणि कातडीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर धरून शेक देतात. ही वनस्पती आपल्या दवण्याच्या कुळातली आहे, तोच दवणा जो चैत्रात जोतिबाला वाहतात. शेक सुखद असतो, पण तो कळण्यासाठी कातडीला संवेदना हवी. माझ्या सासूबाईंना मधुमेहामुळे तळपायाला बधिरपणा होता. शेक देणाऱ्याने ‘गरम वाटले की सांगा’ एवढे म्हणून कांडी धरली. त्यांना काहीच वाटले नाही म्हणून त्या काही बोलल्या नाहीत, आणि घरी येईपर्यंत घोट्याखाली लिंबाएवढा फोड आला होता. तो भरून यायला दीड महिना लागला. बधिरपणा असलेल्यांनी पायावर मॉक्सा घेऊच नये, आणि इतरांनीही उपचारकाच्या दुसऱ्या हाताचे बोट कांडीजवळ कातडीवर टेकलेले आहे ना हे पाहावे, कारण उष्णता त्यालाच आधी कळते. दम्याच्या रुग्णांना या धुराचा त्रास होतो.

कपिंग म्हणजे पूर्वी गावोगाव लावत असत ती तुंबडीच. काचेच्या कपातील हवा जाळून किंवा पंपाने ओढून घेतात आणि कातडी आत खेचली जाते. पाठीवर उमटणारे गोल, जांभळे वण आठवडाभर किंवा थोडे अधिक राहतात; ते ‘विष बाहेर आल्याची’ खूण नसून कातडीखालच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटल्याची खूण असते. कातडीला चिरा देऊन रक्त काढण्याचा प्रकार घरगुती वातावरणात कधीही करून घेऊ नये.

चिनी वनौषधींच्या पुड्यांबाबत मी सर्वाधिक सावध राहायला सांगेन. बेल्जियममध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वजन उतरवण्याच्या गोळ्यांत एका वनस्पतीऐवजी ॲरिस्टोलोकिया ही दुसरीच वनस्पती गेली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली. आपल्याकडील ईश्वरी याच कुळातली आहे. याच परंपरेतील एका वनस्पतीवरून चिनी शास्त्रज्ञ तू योयो यांनी मलेरियावरील आर्टेमिसिनिन शोधले आणि त्यांना २०१५ चे नोबेल मिळाले, हे खरेच. पण ते शुद्ध करून, मात्रा ठरवून आणि पारखून घेतलेले औषध आहे. घटकांची नावे नसलेली पुडी घेऊ नये.

घरी, सुईविना करण्यासारखी एक गोष्ट अवश्य शिकून घ्यावी: मनगटाजवळचा एक बिंदू दाबणे. घाटातल्या वळणांवर एसटीत मळमळणाऱ्यांना ती उपयोगी पडते, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवरही या बिंदूचा पुष्कळ अभ्यास झाला आहे. तळहात वर करावा. अंगठा करंगळीला टेकवून मनगट किंचित आत वाकवावे. मनगटाच्या मधोमध दोरीसारखी कंडरा उठून दिसेल आणि तिच्या शेजारी, अंगठ्याच्या बाजूला, दुसरी हाताला लागेल. काहींच्या हातात मधली कंडरा जन्मतःच नसते; त्यांनी मनगटाचा मध्य धरावा. आता दुसऱ्या हाताची तर्जनी, मध्यमा आणि अनामिका जोडून मनगटाच्या घडीवर आडवी ठेवावी, अनामिका घडीला लागून. तर्जनीच्या वरच्या कडेशी, दोन कंडरांच्या मधोमध जी खोलगट जागा लागते तीच ही. माप त्या माणसाच्याच बोटांनी घ्यायचे असते, आयुर्वेदातल्या स्वांगुल प्रमाणासारखे; मुलाच्या हातावर आईच्या बोटांचे माप चालत नाही. अंगठ्याने दोन-तीन मिनिटे, दुखणार नाही इतपत दाब द्यावा आणि मग दुसरा हात घ्यावा. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या मांसल भागातला बिंदू तसेच घोट्याच्या आतल्या बाजूचा, त्याच्या चार बोटे वरचा बिंदू गर्भवतींनी दाबू नये अशी जुनी शिकवण आहे आणि ती पाळावी.

पहिल्या बैठकीच्या आदल्या दिवसापासून एक वही ठेवावी. रोज रात्री वेदनेला शून्य ते दहा यांपैकी एक आकडा द्यावा, त्या दिवशी किती गोळ्या लागल्या ते लिहावे, आणि सलग किती वेळ बसता, चालता किंवा झोपता आले याची नोंद करावी. बैठकीनंतर पहिला दिवस हलके वाटणे किंवा उलट थोडे अधिक दुखणे यावरून निष्कर्ष काढू नये. पूर्ण आठवड्याचे आकडे आधीच्या आठवड्याशी ताडून पाहावेत. सहा ते आठ बैठकांनंतरही आकडा आणि गोळ्या जागच्या जागी असतील, तर उपचारकाला वही दाखवून उपचार थांबवावा आणि तीच वही घेऊन आपल्या डॉक्टरांकडे परत जावे.