शस्त्रक्रियेच्या उपकरणांचा माग ठेवताना या चुका टाळा

निपाणी, चिकोडी, खानापूर या पट्ट्यातील अनेक लहान रुग्णालयांत शस्त्रक्रियेची उपकरणे नेमाने मोजली जातात, परंतु मोजणी म्हणजे माग ठेवणे नव्हे. सेटमधील बारा आर्टरी फोर्सेप्स (रक्तवाहिनी पकडण्याचे चिमटे) बाराच परत आले, एवढे रजिस्टर सांगते. तो सेट ऑटोक्लेव्हच्या (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या) कोणत्या फेरीत निघाला आणि कोणत्या रुग्णासाठी उघडला, हे त्यातून कळत नाही. सर्वांत गंभीर चूक हीच आहे. ऑटोक्लेव्हमध्ये जिवाणूंचे बीजाणू ठेवून केलेल्या जैविक चाचणीचा निकाल नेहमीच्या पद्धतीने यायला २४ ते ४८ तास लागतात, आणि तोवर त्या फेरीतील काही सेट वापरलेही गेलेले असतात. निकाल खराब आला, म्हणजे बीजाणू जिवंत राहिले, तर मागच्या चांगल्या चाचणीनंतरचे सगळे सेट परत मागवावे लागतात व ते कोणासाठी वापरले हे शोधावे लागते. नोंद नसेल, तर हा शोध सुरूच होऊ शकत नाही.

यासाठी महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. प्रत्येक पॅकवर सेटचे नाव, ऑटोक्लेव्हचा व फेरीचा क्रमांक, तारीख आणि पॅक करणाऱ्याची सही असलेले दुहेरी लेबल लावावे, आणि पॅक उघडताच त्याचा एक भाग रुग्णाच्या केस पेपरवर चिकटवावा. पॅकच्या बाहेरच्या, उष्णतेने रंग बदलणाऱ्या इंडिकेटर टेपवर पट्टे उमटले म्हणून सेट निर्जंतुक झाला, असे मात्र मानू नये. पॅक ऑटोक्लेव्हमधून गेला, एवढेच ती टेप सांगते.

आपल्या सीमाभागात अंकांचा घोळ विशेष जपावा लागतो. हाताने घाईत लिहिलेला देवनागरी एक इंग्रजी नऊसारखा दिसतो, आणि कन्नड एक शून्यासारखा वाटतो. मराठी व कन्नड बोलणाऱ्या सिस्टर्स एकाच ओटीत (शस्त्रक्रियागृहात) काम करतात, म्हणून लेबलवर आणि रजिस्टरमध्ये एकाच प्रकारचे अंक वापरायचे, हे लेखी ठरवून भिंतीवर लावावे. सेटची नावेही एकच असावीत. 'लहान सेट' म्हणजे कोणाला हर्नियाचा, तर कोणाला ड्रेसिंगचा वाटतो.

ओळख पटावी म्हणून उपकरणावर विजेच्या पेनाने क्रमांक कोरू नये, कारण स्टीलवरचा संरक्षक थर तुटून तेथे गंज धरतो. रंगीत टेप वापरायचीच असेल, तर तिच्या कडा वारंवार तपासाव्यात. सुटलेल्या कडेखाली रक्ताचे कण अडकून राहतात. लेसरने केलेली खूण या दोन्हींपेक्षा चांगली.

मोजणीत एखादे उपकरण कमी आले, तर ते लिननमध्ये (धुण्याच्या कापडांत) गेले असेल, असे गृहीत धरून रुग्णाची जखम बंद करणे धोक्याचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ मधील शस्त्रक्रिया-सुरक्षा यादीत, रुग्ण ओटीबाहेर जाण्यापूर्वी उपकरणे, स्पंज आणि सुया यांची मोजणी पूर्ण झाल्याची खात्री करण्यास सांगितले आहे. आधी जखम, टेबल, जमीन, बादली आणि गुंडाळलेले कापड पाहावे, आणि तरीही मेळ बसला नाही तर एक्स-रे काढावा. मेळ बसेपर्यंत धुण्याचे गाठोडे आणि कचऱ्याच्या पिशव्या ओटीबाहेर जाऊ देऊ नयेत.

वीज गेल्यामुळे अर्धवट राहिलेली फेरी त्याच क्रमांकाखाली पुढे चालवू नये. ती रद्द झाल्याची नोंद करून पूर्ण फेरी नव्या क्रमांकाने करावी.

हाडांच्या शस्त्रक्रियेसाठी कोल्हापूर किंवा हुबळीहून डीलरमार्फत येणाऱ्या सेटबाबत सर्वाधिक ढिलाई होते, कारण तो आपला नाही असे सर्वांनाच वाटते. तो येताच यादीनुसार मोजून फोटो घ्यावा, 'धुतलेला आहे' असे सांगितले तरी आपल्याकडे पुन्हा स्वच्छ व निर्जंतुक करावा, आणि परत पाठवताना त्याच यादीवर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात. त्यासाठी सेट शस्त्रक्रियेच्या सकाळी नव्हे, तर आदल्या दिवशी हवा, हे डीलरला सेट मागवतानाच सांगावे.