ग्रीनपीसवरचा माहितीपट आपल्या गटाला दाखवायचा असेल तर

आमच्या टेकडी बचाव गटात नवी पोरं आली की मी त्यांना जेरी रॉथवेलचा 'हाऊ टू चेंज द वर्ल्ड' (2015) दाखवते. कॅनडात व्हँकूव्हरला ग्रीनपीस ही पर्यावरण संघटना उभी करणाऱ्या मंडळींची ही गोष्ट. तुम्हालाही दाखवायचा असेल तर आधी स्वतः पाहून घ्या. जाहीर खेळ असेल तर परवानगीचंही बघा. स्पीकर चांगला हवा, कारण कॅनेडियन इंग्रजी आणि त्यात बोटीची घरघर.

भिंतीवर नकाशा लावा. व्हँकूव्हर कुठे आणि अलास्काकडचं अमचिट्का बेट कुठे, हे बोट ठेवून दाखवा. सप्टेंबर 1971 मध्ये अमेरिकेची अणुचाचणी अडवायला ही माणसं मासेमारीच्या जुन्या बोटीतून निघाली. बोट बेटापर्यंत पोचलीच नाही, नोव्हेंबरात चाचणीही झाली. पण पुढच्या वर्षी अमेरिकेने तिथल्या चाचण्या थांबवल्याचं जाहीर केलं. इथे पॉज करा आणि विचारा, हे हरले की जिंकले? उत्तर मात्र तुम्ही देऊ नका.

1975 चा देवमाशांचा प्रसंग आला की रिमोटला हात लावायचा नाही. पुढे देवमासे, मागे सोव्हिएत शिकारी जहाज, मध्ये रबरी होडी, आणि हार्पून, म्हणजे देवमासे मारायचा भाला, थेट होडीवरून जातो! ग्रीनपीसच्या या मंडळींचा म्होरक्या बॉब हंटर मूळचा वर्तमानपत्रातला स्तंभलेखक. असं एक दृश्य घरोघरच्या टीव्हीवर गेलं की लोकांच्या डोक्यात स्फोट होतो, हा त्याचा हिशेब. पोरं टाळ्या वाजवतात, वाजवू द्या.

यानंतर पडद्यावर या मंडळींची आपसातली भांडणं सुरू होतात आणि आयोजक घड्याळ बघू लागतात. कृपा करून ती गाळू नका. माझ्या मते तोच भाग गटाच्या खऱ्या कामाचा. त्यांच्यातला पॉल वॉटसन 1977 मध्ये वेगळा झाला आणि त्याने समुद्री जीव वाचवणारी 'सी शेफर्ड' ही संघटना काढली. अणुचाचणीविरुद्ध त्या बोटीवर गेलेला पॅट्रिक मूर पुढे अणुऊर्जेचीच बाजू मांडू लागला. शिवाय निवेदन हंटरच्या लिखाणातलं आहे, त्यामुळे आपण नकळत त्याच्याकडे झुकतो. म्हणून चर्चेत विचारा, हेच वॉटसनने कसं सांगितलं असतं? आणि हेही सांगा की बोट न्यायची कल्पना मारी बोलेन या बाईंची, पण बोटीवर सगळे पुरुष. यावर आमच्याकडच्या मुली हमखास तुटून पडतात.

चहा चर्चेनंतरच ठेवा. आधी दिलात तर कप खाली ठेवून निम्मी मंडळी घरी पळतात.