होडीच्या आउटबोर्ड मशीनचे पेट्रोल कसे वाचवावे : जलाशयातील मासेमारीसाठी मार्गदर्शन

कोल्हापूर जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही, तरी राधानगरी, काळम्मावाडी, तुळशी, पाटगाव अशा जलाशयांत रोहू, कटला, मृगळ आणि चिलापी यांवर संसार चालवणारे मच्छीमार आहेत, आणि २०१९ व २०२१ च्या महापुरानंतर शिरोळ आणि करवीर तालुक्यांतील नदीकाठच्या गावांना मशीनच्या बोटीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. कोल्हापुरातील उद्यमनगरच्या माझ्या वर्कशॉपमध्ये आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून बसवायच्या, मशीनांबद्दल येणारी सर्वांत मोठी तक्रार एकच असते: "पेट्रोल फार खाते." बहुतेक वेळा मशीनमध्ये मोठा दोष नसतो. पंखा (पाण्यात फिरून होडी पुढे ढकलणारा प्रोपेलर) होडीला जुळत नाही, मशीन चुकीच्या उंचीवर बसवलेले असते किंवा गरजेपेक्षा जास्त वेगाने होडी हाकली जाते. कोणताही भाग बदलण्यापूर्वी मोजमाप करावे, असे मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो, म्हणून या लेखाची सुरुवातही मोजमापापासूनच करतो.

पहिले पाऊल : खप मोजा

"एका कॅनमध्ये दोन फेऱ्या होतात" हा हिशेब उपयोगाचा नाही, कारण वारा, ओझे आणि वेग रोज बदलतात. आपल्याला हवा आहे तो एका किलोमीटरला लागणाऱ्या पेट्रोलचा आकडा. त्यासाठी मासे तोलण्याचा काटा पुरेसा आहे. पेट्रोलचा एक लिटर साधारण ०.७४ किलो भरतो, त्यामुळे निघण्यापूर्वी कॅन तोलावा, मूठ (पिळून वेग कमी-जास्त करण्याची) एकाच जागी ठेवून बरोबर अर्धा तास होडी चालवावी आणि परत आल्यावर कॅन पुन्हा तोलावा. वजन १.११ किलोने कमी झाले असेल तर दीड लिटर जळाले, म्हणजे तासाला ३ लिटर. त्याच वेळी मोबाइलच्या जीपीएसवर वेग पाहावा. जाताना आणि येताना असे दोन्ही वेग लिहून त्यांची सरासरी काढावी, म्हणजे वाऱ्याचा आणि प्रवाहाचा परिणाम निघून जातो. सरासरी ताशी १० किलोमीटर आली, तर तासाचे ३ लिटर भागिले १०, म्हणजे किलोमीटरला ०.३ लिटर.

हीच चाचणी मुठीच्या तीन-चार वेगवेगळ्या जागांवर, नेहमीच्या ओझ्यासह करून वहीत तक्ता करावा. मशीनला आरपीएम, म्हणजे मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या, दाखवणारे मीटर नसल्यास स्पार्क प्लगच्या वायरला गुंडाळायचा लहान टॅकोमीटर मिळतो. तो घेतल्याशिवाय पुढचे काम अंदाजानेच करावे लागेल.

दुसरे पाऊल : होडीचा स्वाभाविक वेग ओळखा

जाळी, बर्फ आणि दोन-तीन माणसे भरलेली होडी पाणी बाजूला सारत चालते. अशा होडीला तिच्या लांबीने ठरवलेली वेगाची एक मर्यादा असते, आणि तिच्या जवळ जाताच नाळेसमोर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकासमोर, लाट उभी राहून मागचा भाग खाली बसू लागतो. हिशेब सोपा आहे. पाण्याला टेकलेल्या तळाची लांबी फुटांत मोजावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि अडीचने गुणावे. उत्तर ताशी किलोमीटरमध्ये मिळते. १६ फुटांना १०, २० फुटांना सुमारे ११ आणि २५ फुटांना साडेबारा. जड होडीला यापुढे नेण्यासाठी दिलेले पेट्रोल बहुतांशी लाटा उठवण्यात जाते, आणि मशीन दुप्पट ताकदीचे लावले तरी वेग दुप्पट होत नाही.

या मर्यादेच्या आत लागणारी ताकद साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. याचाच दुसरा अर्थ असा की, वेग १० वरून ९ वर आणला तर ताकदीची गरज जवळपास २७ टक्क्यांनी उतरते आणि तेवढ्याच अंतराला लागणारे पेट्रोल सुमारे पाचव्या हिश्शाने कमी होते. जाळी ८ किलोमीटरवर असतील तर १० च्या वेगाने ४८ मिनिटे लागतात आणि ९ च्या वेगाने सव्वात्रेपन्न. सव्वापाच मिनिटांसाठी पाचवा हिस्सा पेट्रोल घालवावे का, हे ज्याने त्याने ठरवावे. माझ्या मते मासा खराब होण्याची भीती नसेल तर घालवू नये. हलक्या आणि सपाट तळाच्या बोटीची गोष्ट निराळी असते. ती वेग घेतल्यावर पाण्यावर चढते, म्हणजे पाणी सारण्याऐवजी त्याच्यावरून सरकू लागते, आणि चढण्याच्या उंबरठ्यावर रेंगाळणे तिला सर्वांत महाग पडते, म्हणून एकदा चढल्यावर मूठ सुमारे दोन तृतीयांशावर आणून तिला स्थिर ठेवावे. ओझ्यामुळे ती चढतच नसेल, तर मूठ पूर्ण पिळत राहण्याऐवजी जड होडीच्या वेगानेच चालवावे.

तिसरे पाऊल : पंखा होडीला जुळवा

मला सर्वांत जास्त बचत येथे दिसलेली आहे. पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात; पहिला व्यास आणि दुसरा पिच, दोन्ही इंचांत. पिच म्हणजे पाण्यात घसरण झालीच नाही असे धरले तर पंख्याने एका फेरीत पुढे जायचे अंतर. प्रत्येक मशीनच्या पुस्तिकेत मूठ पूर्ण उघडल्यावर आरपीएम किती ते किती असावेत हे दिलेले असते, उदाहरणार्थ ५,००० ते ६,०००. नेहमीचे ओझे भरून मूठ काही क्षण पूर्ण उघडावी आणि मीटर पाहावे. आकडा त्या मर्यादेच्या खाली राहत असेल तर पिच जास्त आहे, वर जात असेल तर कमी आहे. पिच एका इंचाने बदलला की आरपीएममध्ये साधारण १५० ते २०० चा फरक पडतो.

काही काळापूर्वी राधानगरीकडची एक होडी माझ्याकडे आली होती. दुसऱ्या ठिकाणी तिचा कार्ब्युरेटर तीनदा उघडून झाला होता आणि खप तसाच होता. पूर्ण उघडल्यावर मीटर ४,७०० च्या पुढे जाईना. पंखा ११ पिचचा, किनाऱ्यावरच्या हलक्या बोटीवरून काढून आणलेला होता. त्या जागी ९ पिचचा लावल्यावर मशीन ५,०५० वर आले, घरघर थांबली आणि त्याच जाळ्यांपर्यंतची फेरी कमी मुठीत होऊ लागली. जड आणि संथ होडीला मोठ्या व्यासाचा, कमी पिचचा पंखा मानवतो.

येथे कोल्हापूरची उंचीही ध्यानात घ्यावी लागते. समुद्रसपाटीपासून आपण सुमारे साडेपाचशे मीटरवर आहोत आणि दर ३०० मीटरला मशीनची ताकद साधारण ३ टक्क्यांनी घटते, त्यामुळे मालवणात बरोबर बसलेला पंखा येथे एक इंचाने जास्त ठरू शकतो.

घसरण, म्हणजे पंख्याच्या हिशेबी वेगापेक्षा होडीचा वेग किती कमी पडतो ते, तपासायची असल्यास आरपीएमला गिअरच्या प्रमाणाने भागून पिचने गुणावे; मिनिटाला इतके इंच हा वेग येतो, त्याला ०.००१५२४ ने गुणले की ताशी किलोमीटर मिळतात. ५,००० आरपीएम, गिअरचे प्रमाण २.०८ आणि पिच १० इंच असल्यास घसरणीशिवायचा वेग ताशी ३६.६ किलोमीटर येतो. जीपीएस २७ दाखवत असेल तर घसरण सुमारे २६ टक्के झाली. हलक्या बोटीत १० ते ३० टक्के घसरण स्वाभाविक आहे, जड होडीत ती याहून बरीच जास्त असते. मात्र तीच होडी आणि तेच ओझे असताना घसरण अचानक वाढली, तर पाती वाकली आहेत किंवा पंख्याच्या आतले रबर सुटले आहे असे समजावे. वाकलेली पाती उद्यमनगरात सरळ करून मिळतात, परंतु सर्व पात्यांचा पिच सारखा मोजून घेतल्याशिवाय पंखा ताब्यात घेऊ नये. पंखा काढला की मागच्या शाफ्टला नायलॉनचा धागा गुंडाळलेला नाही ना, हेही पाहावे. तो सील कापतो आणि गिअरच्या तेलात पाणी शिरते. ते तेल दुधाळ दिसले की सील गेले. पंख्याजवळ हात नेण्यापूर्वी बंद करण्याची दोरी काढावी आणि प्लगची वायर सोडवावी.

चौथे पाऊल : उंची, कोन आणि तळ

पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत किंवा तिच्या खाली जास्तीत जास्त एक इंच असावी. मशीन खोल बसले तर पाण्याचा रोध वाढतो, फार वर बसले तर पंखा हवा ओढतो आणि आरपीएम उगाच चढतात. मागच्या फळीची उंची १५ इंच असेल तर आखूड पायाचे आणि २० इंच असेल तर लांब पायाचे मशीन घ्यावे. कोन बदलण्याच्या पिनेची भोके एकेक करून तपासावीत आणि त्याच मुठीत जीपीएसवर सर्वांत जास्त वेग देणारे भोक कायम ठेवावे. तळाचे शेवाळ महिन्यातून एकदा घासून काढावे व साचलेले पाणी रोज उपसावे.

पाचवे पाऊल : मशीनची निगा

प्लगचे टोक फिकट तपकिरी असावे. काळे आणि ओले असल्यास मिश्रणात पेट्रोल जास्त आहे, पांढरे असल्यास मशीन तापते आहे. थंड करणाऱ्या पाण्याची बारीक धार सतत वाहती हवी. पंचगंगेच्या जलपर्णीने पाणी घेण्याची जाळी बुजते आणि पुराच्या गाळाने पाणी खेचणाऱ्या पंपाचा रबरी इम्पेलर (आतले फिरते चाक) झिजतो, म्हणून या भागात तो दरवर्षी बदलणे मला योग्य वाटते. काही जण मशीनचे तापमान नियंत्रित ठेवणारा थर्मोस्टॅट काढून टाकतात. तसे केल्याने मशीन थंडच चालते आणि पेट्रोल जास्त जळते. टू-स्ट्रोकमध्ये ५०:१ प्रमाण सांगितले असल्यास १० लिटरला २०० मिलिलिटर तेल घालावे, आणि ते आउटबोर्डसाठीचे टीसी-डब्ल्यू-३ दर्जाचेच असावे. मोटारसायकलचे तेल स्वस्त पडले तरी त्याची राख प्लगवर आणि पिस्टनवर बसते.

नवे मशीन घेणार असाल तर फोर-स्ट्रोक घ्या, असे मी आग्रहाने सांगेन. कार्ब्युरेटरच्या जुन्या टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलचा पाव हिस्सादेखील न जळता तेलासह पाण्यात जाऊ शकतो. काळम्मावाडीचे पाणी थेट पाइपलाइनने कोल्हापूर शहराच्या नळांना येते, त्यामुळे हा प्रश्न केवळ खिशाचा नाही.

सहावे पाऊल : पेट्रोल आणि साठवण

पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. आपल्या ऊसपट्ट्याला त्याचा आधार आहे आणि ते मला महत्त्वाचे वाटते, पण होडीवाल्याने दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. लिटरमागे ताकद साधारण ७ टक्क्यांनी कमी मिळते, म्हणून जुन्या खपाशी तुलना करताना तेवढी सूट धरावी. दुसरे म्हणजे इथेनॉल हवेतील ओल शोषते, आणि पाणी जास्त झाले की ते दोन्ही मिळून कॅनच्या तळाशी वेगळे बसतात. अनेक आउटबोर्ड कंपन्यांची मर्यादा १० टक्क्यांची आहे, म्हणून आपल्या मशीनची पुस्तिका पाहावी, जुन्या रबरी नळ्या बदलाव्यात आणि पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवावा.

पुरासाठी ठेवलेल्या बोटींना याचा सर्वाधिक त्रास होतो, कारण त्या पावसाळा संपल्यापासून पुढच्या जूनपर्यंत उभ्या असतात. ठेवण्यापूर्वी पेट्रोलची नळी काढून, पाण्याची धार चालू असतानाच मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, कार्ब्युरेटरच्या तळाचा स्क्रू सोडून उरलेले पेट्रोल काढावे, प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे आणि कॅन रिकामा करावा. मे महिन्याच्या अखेरीस ताजे पेट्रोल भरून मशीन पिंपात पाणी भरून सुरू करावे, धार पाहावी, आणि पहिल्या फेरीला तोलण्याचा काटा सोबत न्यावा, म्हणजे गेल्या वर्षीच्या तक्त्याशेजारी या वर्षीचा आकडा लिहिता येईल.