उत्तर येतं, पण चुकीचं : नमपायमधला बग कसा पकडावा

तीन खऱ्या किमती घ्या : १, २, ३. आपल्या मॉडेलचा अंदाजही अगदी तोच : १, २, ३. चुकांच्या वर्गांची सरासरी किती यावी? शून्य. नमपाय (पायथन भाषेतली आकडेमोडीची लायब्ररी) मात्र १.३३ असं उत्तर देऊ शकतो, तेही कसलीही कुरकुर न करता.

साध्या प्रोग्रॅममध्ये काही चुकलं की बहुतेक वेळा तो कोसळतो आणि कुठे कोसळला ते सांगतो. ॲरेवर, म्हणजे आकड्यांच्या रांगेवर किंवा तक्त्यावर, चालणारी आकडेमोड बरेचदा कोसळत नाही. ती एक आकडा हातात ठेवते, आणि तो आकडा दिसायलाही सभ्य असतो. म्हणून इथे कोड पुन्हापुन्हा वाचत बसण्यात अर्थ नाही. प्रत्येक टप्प्यावर हातात नेमकं काय आहे, ते बघावं लागतं.

(आदेशांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती नेहमीसारखी रोमन अक्षरांत करायची.)

१. डेटा इतका लहान करा की उत्तर कागदावर काढता येईल

लाखभर ओळींच्या फाइलवर बग शोधू नका. तीन-चार आकडे घ्या, हाताने उत्तर काढा, मग तेच आकडे कोडला द्या. फक्त चौरस नमुना टाळा. ३ × ३ च्या तक्त्यात ओळी आणि स्तंभ उलटेपालटे झाले तरी काहीच अडत नाही आणि चूक झाकली जाते. ३ × ५ घेतलात तर तीच चूक लगेच बोंबलते. प्रोग्रॅममध्ये यादृच्छिक आकडे असतील तर सीड (ज्यापासून ते आकडे तयार होतात तो सुरुवातीचा आकडा) आधीच ठरवून टाका, नाहीतर दर वेळी वेगळंच भूत दिसेल.

२. आधी शेप (ॲरेची लांबी-रुंदी) बघा

माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त भानगडी इथेच सापडतात. वरचं १.३३ असंच आलं. खऱ्या किमतींचा शेप होता (३,), म्हणजे नुसती रांग. अंदाजाचा शेप होता (३, १), म्हणजे तीन ओळींचा एक स्तंभ. तक्त्यातून एक स्तंभ उचलताना चौकटी कंसांची एक जोडी जास्त पडली की असा स्तंभ तयार होतो. या दोघांची वजाबाकी सांगितली की नमपाय ‘ब्रॉडकास्टिंग’ करतो : दोन्हींना ताणून ३ × ३ चा तक्ता बनवतो आणि प्रत्येक आकड्यातून प्रत्येक आकडा वजा करतो. नऊ फरकांच्या वर्गांची बेरीज १२, भागिले ९, म्हणजे १.३३. गंमत म्हणजे हा आकडा मूळ डेटाच्या प्रचरणाच्या (सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची सरासरी) बरोबर दुप्पट असतो, मग डेटा कुठलाही असो. ३६५ दिवसांच्या नोंदींवर हेच झालं तर १,३३,२२५ फरकांची सरासरी निघते, आणि आपण बिचाऱ्या मॉडेलला दोष देत बसतो.

उपाय सोपा आहे. वजाबाकीच्या आधीच्या ओळीत दोन्हींचे शेप छापा. पटले नाहीत तर रीशेप या शेप बदलणाऱ्या आदेशाला उणे एक देऊन स्तंभाची रांग करा. मग त्याच जागी ‘दोन्ही शेप सारखेच हवेत’ असा असर्ट (अट मोडली की प्रोग्रॅम थांबवणारी ओळ) कायमचा ठेवून द्या.

ॲक्सिसचा, म्हणजे अक्षाचा, गोंधळही याच घरातला. लक्षात ठेवायची युक्ती अशी : जो अक्ष सांगाल तो नाहीसा होतो. महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांचा १२ महिन्यांचा पाऊस (३६, १२) अशा तक्त्यात असेल, तर अक्ष ० वर बेरीज केल्यावर जिल्हे जातात आणि १२ आकडे उरतात. अक्ष १ सांगितला तर ३६ उरतात. आता प्रत्येक जिल्ह्याची सरासरी त्याच्या ओळीतून वजा करायला गेलात तर (३६, १२) आणि (३६,) जुळत नाहीत म्हणून एरर येते. हे नशीबच म्हणायचं. १२ पर्जन्यमापक केंद्रं आणि १२ महिने असते तर एरर आलीच नसती. पहिल्या केंद्राची सरासरी सगळ्यांच्या जानेवारीतून वजा झाली असती. सरासरी काढतानाच कीपडिम्स ट्रू ठेवलं की (३६, १) मिळतं आणि प्रश्न मिटतो.

३. मग डीटाइप (आकडे कोणत्या प्रकारात साठवले आहेत ते)

फोटो वाचला की त्यातले आकडे बहुधा यूइंट८ असतात, म्हणजे ० ते २५५. दोन फोटोंची सरासरी काढताना २०० आणि १०० ची बेरीज ३०० होत नाही, ४४ होते, कारण २५५ नंतर मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. वजाबाकीतही ५ उणे १० म्हणजे २५१. ॲरेमधल्या पूर्णांकांच्या या उलथापालथीबद्दल नमपाय इशाराही देत नाही. आकडेमोडीआधी ॲसटाइप वापरून फ्लोट (दशांश संख्या) करून घ्या. विंडोजवर नमपाय २.० च्या आधी, म्हणजे २०२४ पर्यंत, साधा पूर्णांकही ३२ बिटांचाच असायचा. त्यामुळे मित्राच्या लिनक्सवर बरोबर चालणारा जुना कोड तुमच्याकडे चुकू शकतो.

४. नॅन आणि खोटे आकडे

हवामानाच्या फाइलींत नोंद नसलेल्या दिवशी -९९९ लिहिण्याची जुनी पद्धत आहे. वर्षात असा एकच दिवस निघाला तरी रोजची सरासरी पावणेतीन मिलिमीटरनी खाली येते. किमान किंमत छापली की हा चोर लगेच सापडतो.

नॅन (‘हा आकडाच नाही’ अशी खूण) वेगळा. तो एकदा शिरला की पुढच्या प्रत्येक बेरजेत पसरतो, आणि तो स्वतःशीही समान नसतो, त्यामुळे ‘नॅनशी समान आहे का’ असं विचारून काही मिळत नाही, इझनॅन वापरा. नॅन दिसल्यावर नॅनमीन (नॅन वगळून सरासरी काढणारा आदेश) लावून मोकळं होणं म्हणजे गळक्या छपराखाली बादली ठेवणं. तो जन्मला कुठे ते शोधा. सेटएर मध्ये डिव्हाइड, ओव्हर आणि इनव्हॅलिड या तिघांना ‘रेझ’ सांगितलं की प्रोग्रॅम त्याच ओळीवर थांबतो. बहुधा तिथे शून्याचा लॉग किंवा शून्याने भागाकार निघतो. फाइलमधूनच आलेला नॅन मात्र असा पकडला जात नाही, तो वाचल्याबरोबर मोजावा.

हे सगळं दर वेळी टाइप करायचा कंटाळा येतो, म्हणून मी चार ओळींचं एक फंक्शन जवळ ठेवतो : ॲरे दिली की शेप, डीटाइप, नॅनची संख्या, किमान आणि कमाल छापणारं. ते कोडच्या मध्यावर लावायचं. तिथे सगळं ठीक असेल तर बग पुढच्या अर्ध्यात, नसेल तर मागच्या. असं अर्धं-अर्धं करत गेलं की चार-पाच फेऱ्यांत ओळ सापडते.

५. अचूकता

०.१ ची तिप्पट ०.३ शी तंतोतंत जुळत नाही हे बहुतेकांना माहीत असतं, म्हणून ऑलक्लोज (दोन ॲरे जवळपास सारख्या आहेत का ते सांगणारा आदेश) वापरतात. पण त्याची ठरलेली सूट बघून ठेवा : सापेक्ष १०⁻⁵ आणि निव्वळ १०⁻⁸. तुमचे आकडेच १०⁻⁹ च्या घरातले असतील तर १ × १०⁻⁹ आणि २ × १०⁻⁹ त्याला सारखेच वाटतात.

जास्त फसवा प्रकार मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीचा. प्रचरणाचं शाळेतलं सूत्र, ‘वर्गांची सरासरी उणे सरासरीचा वर्ग’, कागदावर निर्दोष आहे. आता एक अब्जात ४, ७, १३ आणि १६ मिळवून चार आकडे घ्या. खरं प्रचरण २२.५. पण त्यांचे वर्ग १०¹⁸ च्या आसपास जातात आणि तिथे ६४ बिटांच्या फ्लोटमधल्या लागोपाठच्या दोन आकड्यांत १२८ चं अंतर असतं. २२.५ दिसणार कुठून? आधी सरासरी वजा करा, मग वर्ग करा. उत्तर बरोबर येतं.

आणि ऑक्टेव्ह या दुसऱ्या आकडेमोडीच्या प्रणालीमधलं प्रमाण विचलन नमपायशी जुळत नसेल तर तो बग नाही. २, ४, ४, ४, ५, ५, ७, ९ यांचं नमपाय २ सांगतो, ऑक्टेव्ह २.१३८. पहिला न (आकड्यांची संख्या) ने भागतो, दुसरा न उणे एकने. नमपायमध्ये डीडॉफ (न मधून वजा करायचा आकडा) एक करा, जुळेल.

६. तरीही सापडत नसेल तर

कुणी मागच्या दाराने ॲरे बदलतंय का बघा. स्लाइस करून काढलेला तुकडा ही प्रत नसते, मूळ ॲरेवरची खिडकी असते. तुकड्यात लिहिलं की मूळही बदलतं. ऑक्टेव्हमध्ये असं होत नाही, त्यामुळे तिथून आलेली मंडळी हमखास इथे अडकतात. शेअर्स मेमरी हा आदेश दोन ॲरे एकच जागा वापरतात का ते सांगतो. वापरत असतील तर स्लाइसपुढे कॉपी लावा आणि पहिल्या पायरीतला तीन आकड्यांचा नमुना पुन्हा चालवा.