कार्बोरेटर गळतोय? त्या नळीला काडी खोचू नका

माझ्या जुन्या स्प्लेंडरच्या कार्बोरेटरखालच्या नळीतून पेट्रोल टपकायला लागलं, तेव्हा मी जी अक्कल पाजळली ती आधी सांगतो. नळीच्या तोंडात काडी खोचली आणि वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधली. टपकणं बंद! तासगाव-सांगली अशी माझी रोजची ये-जा. चार दिवस गाडी बरी चालली. पाचव्या दिवशी सकाळी किक जड लागली, सायलेन्सरमधून काळा धूर आला. ऑइलची पट्टी काढून पाहिली तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर आणि त्याला वास पेट्रोलचा. सगळं ऑइल ओतून नवं भरावं लागलं. जो पार्ट बदलायला हवा होता, त्याच्या कितीतरी पट खर्च त्या काडीने केला.

ती ओव्हरफ्लोची नळी आहे, आणि तिचं कामच गळायचं आहे. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत फ्लोट तरंगत असतो. वाटी भरली की तो वर येतो आणि नीडल, म्हणजे सुईसारखी टोकदार पिन, वर ढकलून पेट्रोलची वाट बंद करतो, आपल्या पाण्याच्या टाकीतल्या बॉल कॉकसारखं. नीडल नीट बसली नाही तर पेट्रोल चढतच राहतं आणि जास्तीचं नळीतून बाहेर पडतं. नळी बुजवली की ते इंजिनात उतरतं. कुणी आधीच अशी काडी मारून ठेवली असेल, तर किक मारण्याआधी ऑइलचा वास घ्या. पातळ झालेल्या ऑइलवर इंजिन चालवलं की बोअर-पिस्टनचं काम निघालंच म्हणून समजा.

पाना हातात घेण्याआधी जागा बघा. गॅस गिझर, देवघरातली समई, चूल, तंबाखू मळत गप्पा मारायला आलेला बिडीवाला शेजारी, सगळे लांब. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरत जाते. म्हणून बंद पोर्चमध्ये नाही, उघड्या अंगणात, इंजिन गार झाल्यावर, शेजारी वाळूची बादली ठेवून काम करा.

मग सगळं कोरडं पुसा, पेट्रोल कॉक चालू करा आणि पाच मिनिटं नुसतं बघत बसा. हे कुणी करत नाही, आणि निम्मे पैसे इथेच वाया जातात. ओव्हरफ्लोच्या नळीतून थेंब आले तर दोष नीडल-फ्लोटचा. वाटीच्या सांध्यावरून ओघळ आला तर तिथल्या गोल रबराचा, म्हणजे ऑरिंगचा. वाटी रिकामी करायच्या ड्रेन स्क्रूपाशी ओल असेल तर कदाचित स्क्रू नुसता ढिला असेल. टाकीकडून येणारा वरचा पाइप तडकला असेल तर कार्बोरेटर खोलायचं कामच नाही. आणि गाडी उतारावर साइड स्टँडवर कलती असेल, तर आधी मेन स्टँडवर घेऊन बघा. जास्त कलली की चांगला कार्बोरेटरही थेंब टाकू शकतो.

नळीतूनच येत असेल तर बहुतेक वेळा नीडल खराब नसते, तिच्या टोकाशी कचरा अडकलेला असतो. आमच्याकडे द्राक्षबागेत फवारणीच्या पंपासाठी आणलेल्या कॅनमधलंच पेट्रोल गाडीत ओततात. कॅनच्या तळाला काय काय असतं ते उन्हात धरून बघा एकदा. आधी कॉक बंद करा, ड्रेन स्क्रू ढिला करून वाटीतलं पेट्रोल स्टीलच्या भांड्यात घ्या (घरच्यांना न विचारता त्यांची वाटी घेऊ नका, तो वेगळाच स्फोट असतो), मग स्क्रू आवळून कॉक पुन्हा उघडा. दोन-तीनदा असं केलं की कचरा वाहून जातो आणि कित्येकदा गळती तिथेच थांबते. खर्च शून्य. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने वाटीला हलकी टिचकी मारलेली चालते. हातोडी नको.

थांबली नाही तर खोला. वाटीचे स्क्रू मऊ असतात. झिजलेला स्क्रूड्रायव्हर घातला की डोकं गोल होतं आणि मग लेथवाल्याकडे चक्कर. नीडलच्या काळ्या टोकावर नखाने चाचपडा. गोल खाच पडली असेल तर ती बदलाच. टोक पॉलिश पेपरने घासून 'सरळ' करणारे मी पाहिलेत. त्याने गळती वाढते. नीडलचं टोक जिथे बसतं ती सीट मात्र इअरबडने साफ करा. फ्लोट कानाशी हलवा. आत डुचमळलं तर त्यात पेट्रोल शिरलंय, तो तरंगणार नाही, नवा घ्या. फ्लोटची नीडलला ढकलणारी पत्ती उगाच वाकवू नका. काल गळत नव्हतं ना? मग फ्लोटची उंची आपोआप बिघडत नाही.

बसवण्याआधी तोंडाची चाचणी. कार्बोरेटर उलटा धरा, पेट्रोलच्या तोंडाला स्वच्छ नळी लावून फुंका. फ्लोटच्या वजनाने वाट बंद असायला हवी. फ्लोट बोटाने उचलला की हवा गेली पाहिजे. फुंकायचं, ओढायचं नाही.

जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक पितळी तोटीत, सेफ्टी पिन किंवा क्लचच्या तारेचा तुकडा घालणं ही आपल्याकडची लाडकी सवय. जेटचं भोक मापाचं असतं. पितळ ओरखडलं की ॲव्हरेज गेलं. उजेडाकडे धरून बघा, हवा मारा, बास.

आता ऑरिंग. 2025 पर्यंत पंपांवर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल सर्रास झालं. ऊस आपला, इथेनॉल आपल्याच कारखान्यांचं, आणि जुन्या गाडीत फुगलेली ऑरिंगही आपलीच. उघडल्यावर ती लांबल्यासारखी होते, खाचेत बसेना होते. लगेच ओढून-ताणून बसवू नका, कापून तर मुळीच नाही. एक रात्र सावलीत वाळू द्या, बऱ्याचदा पुन्हा मापात येते. तडे दिसले तर नवी. कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मारायचा असेल तर सगळे रबरी भाग आधी बाजूला काढा. आणि सांध्यावर सिलिकॉन किंवा एम-सील थापू नका. पेट्रोलने सिलिकॉन फुगतं, त्याचे तुकडे सुटतात आणि पुन्हा जेटमध्येच जाऊन बसतात.

नीडल, ऑरिंग, वॉशर असं किट मला दीडशेच्या आत मिळालं. जुनी नीडल खिशात घालून दुकानात जा, नुसतं गाडीचं नाव सांगून आणलेलं दोनदा परत करावं लागलंय.

सगळं नवं टाकूनही नळी टपकतच असेल, तर वाटीच्या आतली उभी पितळी नळी तपासा. वाटी काढून, त्या नळीच्या टोकाच्या जरा खालपर्यंत पेट्रोल भरा. खालून थेंब आला तर नळी तडकलीय, आणि नीडल कितीही बदलल्या तरी उपयोग नाही. वाटी बदला. भंगारातल्या कार्बोरेटरची वाटी मिळाली तरी आधी हीच चाचणी दुकानदारासमोर करून घ्या.