बुलेटचा क्लच घसरतोय? प्लेटा बदलण्याआधी या चुका टाळा

कासला फुलांचा हंगाम सुरू होता. साताऱ्यातलं समर्थ मंदिर मागं टाकून यवतेश्वरच्या चढाला लागलो, तिसऱ्या वळणावर एक्सलेटर पिळला आणि इंजिन नुसतंच ओरडलं. गाडी मात्र बैलगाडीच्या चालीनं. मागून एसटीचा हॉर्न, नाकात करपलेला वास. क्लच गेला हे कळायला मिस्त्री लागत नाही. का गेला, हे कळायला मला दोन महिने आणि प्लेटांचा एक नवा कोरा सेट लागला.

गाडी काकांची, जुनी कास्ट आयर्न बुलेट, चार गिअरची. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात. पुढं जे लिहिलंय ते याच जातीच्या गाडीला लागू आहे. अलीकडच्या युनिट इंजिनच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात असलेल्या बुलेटची रचना वेगळी, तिथं हे तसंच्या तसं लावू नका.

पहिली चूक माझीच. त्याआधी आठवडाभर पोवई नाक्यावर सिग्नलला न्यूट्रल सापडत नव्हता, म्हणून मी लिव्हरजवळचा ॲडजस्टर फिरवून क्लच वायर ताणली. न्यूट्रल सापडू लागला, मी खूश. पण लिव्हरला मोकळी चाल उरलीच नाही. म्हणजे पुशरॉड, क्लच सोडवणारी दांडी, प्लेटांना दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटला सतत ढकलत राहिला आणि स्प्रिंगांना प्लेटा पूर्ण दाबता येईनात. हात लिव्हरवर नसतानाही गाडी कायम थोड्या हाफ क्लचवर चाललेली.

यात एक उलटी गोष्ट आहे, ती नीट समजून घ्या. प्लेटा झिजल्या की वायर सैल पडेल असं आपल्याला वाटतं. पडत नाही. थर पातळ झाला की प्रेशर प्लेट आत सरकते, पुशरॉड गिअरबॉक्सच्या बाजूला बाहेर येतो आणि वायरची ढील कमी होते. झीज झाली की वायर ढिली करावी लागते. आपण नेमकं उलट करतो.

दुसरी चूक: घसरणं आणि न सुटणं एकच समजणं. लोक दोन्हीला 'क्लच खराब' म्हणतात आणि प्लेटा मागवतात. इंजिनचा आवाज चढतो पण वेग चढत नाही, हे घसरणं. लिव्हर पूर्ण दाबूनही गाडी पुढं ओढते, पहिला गिअर 'खर्रर्र' करून पडतो, न्यूट्रल सापडत नाही, हे न सुटणं. दुसऱ्या तक्रारीत प्लेटा शेवटी बघायच्या. आधी वायरला जास्त ढील आहे का, ती आतून गंजलीय का, तेल कसलं आहे ते बघा. सकाळी थंड गाडीत प्लेटा तेलानं एकमेकींना चिकटलेल्या असतात. लिव्हर दाबून दोनदा किक फिरवली की सुटतात. काका हे रोज करायचे, मला ती सवय म्हणजे म्हातारपणाची लहर वाटायची.

घसरण्याची खात्री करायला घाटात जायची गरज नाही. या बुलेटची किक गिअरबॉक्समधून, म्हणजे क्लचमधूनच इंजिन फिरवते. कॉम्प्रेशनवर आणून किकवर वजन टाका. इंजिन न फिरता किक मऊपणे खाली गेली तर क्लच घसरतोय. 'कटकट' करत, दातावरून उडी मारत गेली तर क्लचला दोष देऊ नका, किकचे दाते बघा. शंका राहिली तर टॉप गिअरमध्ये टाकून गाडी ढकला. चाक फिरतंय आणि इंजिन गप्प, तर मग क्लचच.

मी हे काही न करता शहरातल्या एका गॅरेजला गाडी दिली. तिथं प्लेटा बदलल्या, वायर होती तशी ताणलेलीच ठेवली. पंधरा दिवसांत पुन्हा तेच! मग ओळखीनं एका वयस्कर मिस्त्रींकडं गेलो. त्यांनी कव्हरला हातसुद्धा लावला नाही. लिव्हर बोटानं हलवली आणि म्हणाले, "पावणं, वायर सैल करा आधी. प्लेटांचं मागनं बघू."

सेटिंगचा क्रम त्यांच्याकडूनच शिकलो. आधी वायर दोन्ही टोकांना पूर्ण ढिली. मग उजव्या बाजूला गिअरबॉक्सच्या कव्हरवरचं छोटं झाकण काढायचं. आत लॉकनटसकट ॲडजस्टर स्क्रू दिसतो. नट सोडून स्क्रू पुशरॉडला जेमतेम टेकेपर्यंत आत घ्यायचा, तिथून अर्धा फेरा मागं आणि नट आवळायचा. त्यानंतरच वायर. लिव्हरच्या बुडाशी दोन-तीन मिलिमीटर मोकळी चाल राहिली पाहिजे. हँडल डावी-उजवीकडं पूर्ण वळवून बघा, वायर कुठं ताणली जात नाही ना.

एवढं करूनही घसरला तर डावीकडचं प्रायमरी कव्हर, म्हणजे क्लचवरचं मोठं झाकण, उघडा. फूटरेस्ट आणि ब्रेक पेडल काढलं की कव्हर मधल्या एकाच नटवर बसलेलं असतं. खाली परात ठेवा, तेल एकदम येतं. ते तेल हीच पुष्कळांची तिसरी चूक. क्लच तेलात चालतो, म्हणून कारचं उरलेलं ऑइल ओततात. कारच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, ती क्लचच्या मुळावर येतात. डब्यावर 'जासो एमए' (JASO MA, तेलात चालणाऱ्या क्लचसाठीचा दर्जा) लिहिलेलं बघा, 'एमबी' (MB) नको. ओतताना गाडी मेन स्टँडवर उभी हवी आणि तेल लेव्हलच्या स्क्रूपर्यंतच. न भरताच पातळी वाढत असेल तर इंजिनचं तेल क्रँकच्या सीलमधून इकडं येतंय. तो आजार वेगळा.

तीन स्प्रिंगचे स्क्रू काढले की प्लेटा हातात येतात. घर्षणाच्या प्लेटेची जाडी व्हर्नियरनं, म्हणजे जाडी मोजायच्या मापानं, नव्या प्लेटेशी ताडून बघा. साध्या स्टीलच्या प्लेटा खिडकीच्या काचेवर ठेवा, बोटानं दाबल्यावर डुगडुगली तर ती वाकलीय. निळसर पडलेली प्लेट जळलेली समजा. थर शाबूत आहे पण वर आरशासारखी चकाकी आलीय, तर पॉलिश पेपरनं हलक्या हातानं चकाकी मारा आणि रॉकेलनं धुवा. ती भुकटी मात्र फुंकर मारून उडवू नका. जुन्या प्लेटांत ॲस्बेस्टॉस असू शकतं.

प्लेटा ज्यात बसतात त्या हाऊसिंगच्या खाचांवरून नख फिरवा. प्लेटांच्या कानांनी तिथं खड्डे पाडले असतील तर नव्या प्लेटाही अडकत चालणार आणि क्लच धक्के देत सुटणार. किरकोळ असेल तर कानसेनं सपाट करता येतं, खोल असेल तर हाऊसिंगच बदलावं लागतं. ते घरी करायच्या फंदात पडू नका, प्रायमरी चेन आणि पुढचं स्प्रॉकेट सोबतच उतरवावं लागतं.

नव्या प्लेटा कोरड्या बसवू नका, रात्रभर त्याच तेलात भिजू द्या. स्प्रिंग बदलायच्या तर तिन्ही एकदम. स्क्रू आलटून पालटून, थोडे थोडे आवळा. मग कव्हर लावण्याआधी कुणाला तरी लिव्हर दाबायला सांगून किक फिरवा आणि प्रेशर प्लेटेकडं बघा. ती सरळ फिरली पाहिजे, ताटासारखी डुलली तर एका बाजूचा दाब कमी आहे.

माझ्या गाडीत यातलं काहीच करावं लागलं नाही. झाकण उघडून वायर सैल केली आणि त्याच संध्याकाळी यवतेश्वर चढून आलो. गॅरेजवाल्यानं काढून दिलेल्या जुन्या प्लेटा नंतर व्हर्नियरला लावल्या. चकाकी होती, झीज नावालाच. घासून, धुऊन डिकीत ठेवल्यात, सुटा संच म्हणून.