हीट सिंक आणि पंखा एकत्र वापरताना या चुका टाळा

एखादे उपकरण जास्त तापू लागले की पहिला संशय पंख्यावर जातो आणि जुन्या पंख्याच्या जागी मोठा किंवा अधिक वेगवान पंखा बसवला जातो. त्यामुळे आवाज हमखास वाढतो, तापमान मात्र पुष्कळदा दोन-चार अंशांनीच उतरते. याचे कारण असे की, चिपमध्ये निर्माण झालेल्या उष्णतेला बाहेरच्या हवेपर्यंत पोहोचण्यासाठी तीन टप्पे पार करावे लागतात : चिपच्या गाभ्यापासून तिच्या आवरणापर्यंत, आवरणापासून हीट सिंकपर्यंत (म्हणजे पातळ पत्र्यांसारख्या फिन्समधून उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या ठोकळ्यापर्यंत) आणि हीट सिंकपासून हवेपर्यंत. पंख्याचा उपयोग होतो तो यांपैकी केवळ शेवटच्या टप्प्यावर.

आकडे मांडले की हे स्पष्ट होते. समजा, एका पॉवर ट्रान्झिस्टरमध्ये (जास्त वीज हाताळणाऱ्या घटकात) २० वॅट उष्णता निर्माण होत आहे आणि पेटीतील हवा ४० अंश सेल्सिअसवर आहे. गाभ्यापासून आवरणापर्यंतचा औष्णिक रोध (म्हणजे दर वॅट उष्णतेमागे होणारी तापमानवाढ) दर वॅटला १.५ अंश, आवरण आणि हीट सिंक यांच्यातल्या जोडाचा १ अंश आणि पंख्याविना हीट सिंकचा २ अंश धरला, तर एकूण ४.५ अंश प्रति वॅट म्हणजे ९० अंशांची वाढ होते आणि गाभा १३० अंशांवर पोहोचतो. पंख्यामुळे हीट सिंकचा रोध निम्मा झाला, तर तापमान ११० वर येते; हा फायदा मोठाच आहे. पण त्यानंतर पंख्याचा वेग दुप्पट करून तो रोध ०.७ पर्यंत आणला, तरी आणखी ६ अंशच वाचतात आणि त्यासाठी पंख्याला सुमारे आठपट वीज लागते, कारण त्याची वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. तेच जोड नीट करून त्याचा रोध निम्म्यावर आणला, तर आवाज न वाढता १० अंश वाचतात.

म्हणूनच काहीही बदलण्याआधी मोजमाप करावे. चिपचे आवरण, तिच्या लगतचा हीट सिंकचा तळ, आत येणारी हवा आणि बाहेर पडणारी हवा, अशा चार ठिकाणची तापमाने घेतली की दोष कोठे आहे ते बहुधा तेथेच कळते. चिप कढत आणि हीट सिंक जेमतेम कोमट असेल, तर दोष जोडात आहे. हीट सिंक कढत असूनही बाहेर पडणारी हवा गार असेल, तर हवा फिन्समधून न जाता बाजूने निसटत आहे किंवा हीट सिंकच लहान पडत आहे. आत येणारी हवाच गरम असेल, तर पेटीचे वायुवीजन सुधारल्याशिवाय बाकीच्या उपायांना फारसा अर्थ नाही. हे मोजमाप इन्फ्रारेड थर्मामीटरने करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी : चकचकीत ॲल्युमिनियम स्वतः फारच कमी उष्णता उत्सर्जित करते, त्यामुळे त्यावरचे वाचन प्रत्यक्षापेक्षा पुष्कळ कमी येते आणि तापलेला हीट सिंक गार असल्याचा भास होतो. मोजायच्या जागी काळ्या चिकटपट्टीचा तुकडा घट्ट चिकटवून त्यावर वाचन घ्यावे.

जोडातल्या चुका सर्वांत जास्त आढळतात, आणि त्या झाकलेल्या राहत असल्यामुळे सापडायलाही उशीर लागतो. जोडात ठेवायच्या उष्णतावाहक थर्मल पॅडवरची संरक्षक फिल्म काढायची राहून जाणे ही त्यांतली अगदी साधी चूक. जोडात लावायच्या थर्मल पेस्टबाबतचा गैरसमज अधिक खोल आहे. हवेची उष्णतावाहकता सुमारे ०.०२६ वॅट प्रति मीटर-केल्विन असते, चांगल्या पेस्टची काही एकक आणि ॲल्युमिनियमची सुमारे २००. म्हणजे पेस्ट हवेपेक्षा कितीतरी सरस असली, तरी धातूपेक्षा कितीतरी निकृष्ट आहे. तिचे काम दोन पृष्ठभागांमधील सूक्ष्म खळग्यांतली हवा हटवणे एवढेच आहे. जाड थर दिला तर तीच अडथळा ठरते. हीट सिंक काढल्यावर पेस्टचा ठसा पाहावा : सगळीकडे पातळ, एकसारखा थर असेल तर जोड चांगला, एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला कोरडे असेल तर दाब तिरका पडला आहे. अशा वेळी जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण पुसावी, नवी लावावी आणि स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांतले आळीपाळीने थोडे थोडे आवळत जावे. एकाच स्क्रूने बसवलेल्या ट्रान्झिस्टरचा स्क्रू अती आवळला, तर त्याची दुसरी बाजू किंचित उचलली जाते, आणि चिप नेमकी त्याच बाजूला असते. त्यापेक्षा मधोमध दाबणारी क्लिप चांगली.

अनेक पॉवर ट्रान्झिस्टरांची धातूची पाठ आतून त्यांच्या कलेक्टर किंवा ड्रेन या विद्युत टोकाला जोडलेली असते. तेथे अभ्रकाचा किंवा सिलिकॉनचा विद्युतरोधक पॅड आणि स्क्रूसाठी रोधक बुश (स्क्रूभोवतीची छोटी नळी) लागतोच. अभ्रकाला दोन्ही बाजूंनी पेस्ट लावावी. सिलिकॉन पॅडला सहसा ती नको. वीजपुरवठा सुरू करण्यापूर्वी मल्टिमीटरने पाठ आणि हीट सिंक यांच्यात जोडणी नाही याची खात्री करणे टाळू नये.

हवेच्या बाजूने पाहता, पंखा उलटा बसवण्याची चूक चौकटीवरचा बाण पाहिला तर टळते; बाण नसेल, तर ज्या बाजूला मोटर धरून ठेवणारे दांडे असतात त्या बाजूने हवा बाहेर पडते. पंख्याच्या मध्यभागासमोर हवा जवळजवळ हलत नाही, म्हणून सर्वांत तापणारा घटक नेमका तिथे येत असेल, तर पंखा आणि फिन्स यांच्यात थोडे अंतर ठेवून ते चहूबाजूंनी बंद करावे. दाट फिन्समधून हवा ढकलायला दाब लागतो, आणि मोकळ्यावर भरपूर हवा देणारा पंखा तेथे थिटा पडू शकतो. किती हवा हवी याचा अंदाज सोपा आहे : १०० वॅट उष्णता हवेचे तापमान १० अंशांपेक्षा अधिक न वाढवता वाहून न्यायची, तर दर सेकंदाला साधारण ८ लिटर हवा लागते. पण तीच हवा पेटीत फिरून पुन्हा पंख्याच्या तोंडाशी येत असेल, तर हा हिशेब कोलमडतो. शेजारी शेजारी लावलेल्या दोन पंख्यांपैकी एक बंद पडला, तर दुसऱ्याची हवा त्याच्यातूनच उलटी निसटते. तापमान एकाएकी चढले तर हे आधी पाहावे.

बारा व्होल्टचा पंखा आवाज कमी करण्यासाठी कमी व्होल्टेजवर चालवला जातो. फिरता पंखा त्या व्होल्टेजवर फिरत राहतो, पण थांबलेला पंखा कदाचित सुरूच होत नाही. चाचणी नेहमी थांबलेल्या अवस्थेतून, धूळ बसल्यावर येणारा अडथळा लक्षात घेऊन करावी. ही धूळ फिन्सच्या पंख्याकडील तोंडावर नमद्यासारखी जमते आणि बाहेरून दिसत नाही, त्यामुळे साफसफाईसाठी पंखा काढावाच लागतो. दाबाच्या हवेने साफ करताना पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर अतिवेगाने बेअरिंग खराब होते.

शेवटी, पंखा बंद पडल्यावर काय होते हे मुद्दाम पडताळून पाहावे. पंख्याची वीजजोडणी काढून ठेवावी, भार हळूहळू वाढवावा आणि तापमानावर नजर ठेवावी. संरक्षक सेन्सर चिपजवळ, हीट सिंकच्या तळाशी असेल तर पुरवठा वेळेत तुटतो. तो फिन्सच्या टोकाला किंवा हवेच्या वाटेत बसवलेला असेल तर गाभा धोक्याच्या पातळीवर गेल्यानंतरच त्याला पत्ता लागतो, आणि तेव्हा सेन्सरची जागा बदलणे भाग असते.